सोळा काळे चौकोन

डिस्प्ले १६ बाय २ चा, नेहमीचा साधा एलसीडी. मेसेज सगळे बरोबर येत होते, फक्त दोन सोडून. एका मेसेजची पहिली सहा अक्षरं ठीक आणि पुढे नुसते काळे ठोकळे, दहा. आणि टेबलमधला त्याच्या पुढचा जो मेसेज, त्यात नेमकं उलटं, आधी सहा ठोकळे आणि मग उरलेली दहा अक्षरं व्यवस्थित, जसं काही झालंच नाही. आता यावर माणूस काय करतो? जे सगळे करतात तेच मी केलं. काँट्रास्टचा प्रीसेट फिरवला, वायरी हलवून बघितल्या, सोल्डर परत मारलं, मग डिस्प्लेच बदलला. नवीन डिस्प्लेवर पण तेच ठोकळे, त्याच जागी. मग डिस्प्ले चालवणारी मायक्रोकंट्रोलर चिप परत बर्न केली, म्हणजे तिच्यात प्रोग्राम परत भरला, एकदा नाही तीनदा, आणि प्रोग्रामर, म्हणजे चिप भरायचं यंत्र, दर वेळी शांतपणे सांगतोय की राइट ओके, व्हेरिफाय ओके.

व्हेरिफाय ओके म्हटल्यावर माणूस हेक्स फाइलवर, म्हणजे जिच्यावरून चिप भरतात तिच्यावर, संशय कसा घेणार. चिपमध्ये जे गेलंय ते परत वाचून फाइलशी ताडून बघितलंय, जुळलंय, विषय संपला. मी दोन दिवस हार्डवेअरच्या मागे लागलो होतो. चूक कुठे होती ते सांगतो, पण त्याआधी ती फाइल काय चीज असते ते सांगावं लागेल, नाहीतर माझ्या मूर्खपणाची खरी मजा येणार नाही.

हेक्स फाइल मी पहिल्यांदा उघडली ती चुकून. कंपाइल झाल्यावर फोल्डरमध्ये पाच-सहा फायली पडतात, त्यातल्या एकीवर डबल क्लिक झालं आणि ती नोटपॅडमध्ये उघडली. मला वाटलं आता कचरा दिसणार, चौकोन आणि चित्रविचित्र चिन्हं, कारण तोपर्यंत जी जी प्रोग्रामची फाइल मी अशी उघडली होती तिच्यात तेच दिसलं होतं. पण इथे सरळ ओळी. डावीकडे एकाखाली एक कोलन, जणू कुणी समास आखून दिलाय, आणि प्रत्येक कोलनच्या पुढे आकडे आणि ए ते एफ एवढीच अक्षरं, सगळ्या ओळी एका लांबीच्या, शेवटची तेवढी तोकडी. कळलं काहीच नाही, पण हे कुणीतरी माणसाच्या डोळ्यांसाठी लिहिलंय असं वाटलं. ते वाटणं बरोबर होतं हे बऱ्याच वर्षांनी समजलं.

मायक्रोकंट्रोलरमध्ये फाइल वगैरे भानगड नसते. आत मेमरीचे खण असतात, प्रत्येकाला नंबर, आणि कुठल्या खणात कुठला बाइट ठेवायचा एवढंच त्या चिपला हवं असतं. तुम्ही सी भाषेत लिहिलेली सुंदर नावं, कॉमेंट, फंक्शन, सगळं कंपायलर आणि लिंकरच्या हातून जाता जाता गळून पडतं आणि शेवटी उरते ती ही यादी, की या अ‍ॅड्रेसपासून हे बाइट, त्या अ‍ॅड्रेसपासून ते बाइट. हेक्स फाइल म्हणजे ही यादी, अक्षरांत लिहिलेली. बस.

एक ओळ घेऊन बघू, मीच मुद्दाम अशी बनवलीय की ए ते एफ मध्ये येऊ नयेत.

:०२०००४००४८४९६९

पहिला कोलन. मराठी व्याकरणात याला अपूर्णविराम म्हणतात आणि इथे ते नाव फार चपखल बसतं, पुढे यायचंय अजून. त्यानंतर ०२, म्हणजे या ओळीत डेटाचे दोन बाइट आहेत. मग ०००४, हा अ‍ॅड्रेस, चार नंबरच्या खणापासून ठेवा. मग ००, हा ओळीचा प्रकार, शून्य म्हणजे साधा डेटा. मग ४८ आणि ४९, हा खरा माल. हे सोळाच्या हिशेबातले आकडे, त्यामुळे ४८ म्हणजे चार सोळा चौसष्ट अधिक आठ, बहात्तर, आणि ४९ म्हणजे त्र्याहत्तर. अ‍ॅस्कीच्या तक्त्यात ७२ म्हणजे इंग्रजी एच आणि ७३ म्हणजे आय. ओळ 'हाय' म्हणतेय. आणि शेवटी ६९, हा चेकसम.

चेकसम कागदावर काढता येतो आणि एकदा तरी काढावाच. कोलन सोडून सगळे बाइट मिळवा: २, ०, ४, ०, ७२, ७३. झाले १५१. आता २५६ व्हायला किती कमी पडतात? १०५. एकशे पाचात सोळा सहा वेळा जातात आणि नऊ उरतात, म्हणून ६९. म्हणजे वाचणाऱ्याने काय करायचं, तर ओळीतले सगळे बाइट चेकसमसकट मिळवायचे आणि शेवटचा बाइट शून्य येतो का बघायचं. आला तर ओळ ठीक, नाही आला तर कुठेतरी अक्षर बिघडलंय. इतकं सोपं आहे की ते करायला जवळजवळ काहीच मेमरी लागत नाही, एक बाइटची जागा, मिळवत जा, उलटून पडेल ते पडू दे.

सोळाचीच पद्धत का, दहाची का नाही? कारण एक अंक म्हणजे बरोबर चार बिट, त्यामुळे कुठलाही बाइट असो, दोन अक्षरांत बसतो, ना कमी ना जास्त. पुस्तकात याला षोडशमान पद्धत म्हणतात पण ते कुणाच्या तोंडून मी आजवर ऐकलेलं नाही, सगळे हेक्सच म्हणतात.

आता मूळ प्रश्न असा की हे अक्षरांत लिहायचंच कशाला. बाइट आहेत, बाइटच द्या ना. दोन अक्षरं एका बाइटला म्हणजे फाइल सरळ दुप्पट, आणि वर कोलन, अ‍ॅड्रेस, चेकसम. नेहमीची ओळ १६ बाइटची असते आणि ती लिहायला ४३ अक्षरं लागतात, ओळ संपवायची दोन धरली तर ४५. जवळपास तिप्पट उधळपट्टी.

याचं उत्तर कागदाच्या पट्टीत आहे. हा फॉरमॅट इंटेलने काढला १९७३ साली, त्यांच्या इंटेलेक नावाच्या डेव्हलपमेंट मशीनसाठी, आणि तेव्हा प्रोग्राम आत जायचा तो भोकं पाडलेल्या कागदी पट्टीवरून, आणि ती पट्टी वाचायला आणि पाडायला बऱ्याचदा असायचा टेलिटाइप, तारेवर चालणारा टाइपरायटरच म्हणा. मॉडेल ३३ हा त्यातला प्रसिद्ध, सेकंदाला १० अक्षरं. मेल नाही, यूएसबी नाही, सेकंदाला दहा अक्षरं खडखड करत. असल्या यंत्राला कच्चे बाइट पाठवले तर त्यातला एखादा नेमका घंटी वाजवा असा निघायचा, एखादा ओळ बदला असा, एखादा मोटर थांबवा असा, आणि आठवा बिट तर वाटेत शिल्लक राहील याचीही खात्री नाही. त्यामुळे जी अक्षरं कुठल्याही वाटेने सुखरूप जातात तेवढीच वापरायची, शून्य ते नऊ, ए ते एफ, आणि एक कोलन. शिवाय तीच पट्टी टेलिटाइपवर चालवली की छापून कागद हातात यायचा आणि माणूस तो बोटाने वाचू शकायचा. माझं ते 'माणसाच्या डोळ्यांसाठी' वाटलेलं होतं ना, ते इथून.

एकदा मी रिकाम्या वेळेत हिशेब केला. आर्डुइनो उनो या शिकाऊंच्या मायक्रोकंट्रोलर बोर्डवर जो पहिला प्रोग्राम सगळे करतात, एलईडी चालू-बंद करणारा ब्लिंक, तो त्याच्या सॉफ्टवेअरमध्ये कंपाइल केला की ९२४ बाइट लागले असं सांगतं. म्हणजे हेक्स फाइलमध्ये ५८ ओळी डेटाच्या आणि एक शेवटची. सगळी मिळून २६१५ अक्षरं होतात. सेकंदाला दहा म्हणजे चार मिनिटांच्या वर, आणि कागदी पट्टीवर एका इंचात दहा अक्षरं बसतात त्यामुळे जवळपास २२ फूट पट्टी. एक दिवा लुकलुकवायला! आणि उनोची प्रोग्रामसाठी मोकळी असलेली ३२,२५६ बाइटची जागा पूर्ण भरली तर पट्टी होते ७५६ फूट आणि वेळ अडीच तास. आपण अपलोडचं बटण दाबून दहा सेकंदात कंटाळतो.

अडीच तासांच्या पट्टीत कुठेतरी धुळीचा कण बसणार, कुठेतरी भोक अर्धवट पडणार, हे गृहीतच आहे. म्हणून चेकसम शेवटी एकच न ठेवता प्रत्येक ओळीला वेगळा. बिघडलं तर कुठल्या ओळीत बिघडलं ते कळतं. कोलनचंही तेच, वाचणारा कोलन येईपर्यंत काही मनावरच घेत नाही, पट्टीचा सुरुवातीचा कोरा भाग, मधला कचरा, सगळं सोडून देतो, कोलन दिसला की कान टवकारतो. मला हे फार आवडतं. या फॉरमॅटचा वाटेवर विश्वासच नाही, आणि तो अविश्वास काही त्रागा न करता दोन दोन अक्षरांत मांडून ठेवलाय.

कागदी पट्टीची अजून एक गंमत, जी मला चिपशी जोडलेली वाटते. पट्टीवर भोक पाडता येतं पण पाडलेलं बुजवता येत नाही. मग चुकीचं अक्षर पडलं तर काय करायचं? पट्टी मागे घ्यायची आणि त्या जागी सगळीच्या सगळी भोकं पाडून टाकायची, म्हणजे वाचणारा ते अक्षर नाही असं समजतो. अ‍ॅस्कीमध्ये डिलीटचा नंबर १२७ आहे, सातही बिट एक, तो म्हणूनच. आणि इकडे ईप्रॉम ही जुन्या काळची मेमरी चिप बघा, त्यात बिट एकाचा शून्य करता येतो पण शून्याचा एक करता येत नाही, त्यासाठी चिपच्या पाठीवरच्या काचेच्या खिडकीतून पंधरा-वीस मिनिटं अल्ट्राव्हायोलेट दिवा दाखवायचा, मग सगळे बिट परत एक होतात. आजची फ्लॅश मेमरी विजेने पुसली जाते पण पुसल्यावर बहुतेक चिपमध्ये तिचेही सगळे बिट एक होतात. म्हणजे दोन्हीकडे एकाच दिशेने जाता येतं, आणि दोन्हीकडे सगळे बिट एक याचा अर्थ 'इथे काही नाही'. कागदाची पट्टी आणि सिलिकॉन, कुणी ठरवून केलेलं नाही हे.

सगळे आठ बिट एक म्हणजे हेक्समध्ये एफएफ. हे लक्षात ठेवा, ठोकळ्यांसाठी लागणार आहे.

ओळींचे बाकी प्रकार फार नाहीत. ०१ म्हणजे फाइल संपली, आणि ती ओळ जगातल्या बहुतेक हेक्स फायलींच्या शेवटी अगदी तशीच असते, कोलन, सात शून्यं, एक, एफएफ. मला ती पाठ आहे, मला वाटतं या धंद्यातल्या सगळ्यांना असते. ०२ आणि ०४ आले ते अ‍ॅड्रेस पुरेना म्हणून. चार अंकी अ‍ॅड्रेस म्हणजे ६५,५३६ खण, ६४ केबी, १९७३ मध्ये ते कुणालाही रग्गड वाटलं असणार. मग १९७८ मध्ये इंटेलचा ८०८६ प्रोसेसर आला, त्याच्या सेगमेंटच्या हिशेबासाठी ०२, आणि ३२ बिटच्या काळात ०४, जो फक्त एवढंच सांगतो की यापुढच्या सगळ्या ओळींच्या अ‍ॅड्रेसचा वरचा अर्धा भाग अमुक धरा. एसटीएम३२ ची फाइल उघडली की पहिलीच ओळ बहुतेक वेळा :०२०००००४०८००एफ२ अशी दिसते, कारण त्या चिपची फ्लॅश फार वरच्या अ‍ॅड्रेसला सुरू होते. ०३ आणि ०५ म्हणजे चालू कुठून करायचं ते, मायक्रोकंट्रोलरवाल्यांना त्याच्याशी फारसं घेणंदेणं नसतं, सोडून द्या.

मला कुणी विचारतं की बिन फाइल, म्हणजे नुसत्या कच्च्या बाइटची फाइल, असताना हेक्स कशाला, तर मी पिक१८ चं उदाहरण देतो. त्या चिपच्या कॉन्फिगरेशनच्या सेटिंग, म्हणजे कुठलं क्रिस्टल, वॉचडॉग चालू की बंद वगैरे, त्या राहतात ३००००० या अ‍ॅड्रेसला, आपल्या आकड्यात ३१ लाख ४५ हजार ७२८. तुमचा प्रोग्राम असेल चार केबीचा, शून्यापासून. बिन फाइलमध्ये अ‍ॅड्रेस लिहायची सोयच नाही, पहिला बाइट, दुसरा बाइट असं मोजत जायचं, मग मधली तीन एमबी रिकामी जागा भरून द्यावी लागेल. हेक्समध्ये? ०४ ची एक ओळ, मग सेटिंगची एक ओळ, झालं. मधल्या रिकाम्या जागेबद्दल फाइल एक अक्षर बोलत नाही. जिथे काही नाही तिथे काही लिहायचं नाही, आणि डेटाच्या ओळी आपापल्या ०४ च्या मागे राहिल्या की कुठल्या क्रमाने आल्या तरी चालतं, कारण प्रत्येकीवर तिचा पत्ता लिहिलेला आहे.

आता ठोकळे. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी सगळं सोडून खुर्चीत मागे टेकून नुसता त्या डिस्प्लेकडे बघत होतो, आणि कंटाळ्याने ठोकळे मोजले. पहिल्या मेसेजमध्ये शेवटचे दहा, दुसऱ्यात पहिले सहा. दहा आणि सहा सोळा. मेसेज मी १६-१६ अक्षरांच्या टेबलात एकापाठोपाठ ठेवले होते, म्हणजे मेमरीत हे दहा आणि ते सहा शेजारी शेजारी, एक सलग सोळा बाइटचा तुकडा. आणि सोळा बाइट म्हणजे हेक्स फाइलची बरोबर एक ओळ.

फाइल उघडली आणि फक्त अ‍ॅड्रेसच्या कॉलमवरून बोट खाली खाली नेत गेलो. ०२१०, ०२२०, ०२३०, ०२५०.

०२४० नाही.

एक ओळच गायब. कशी गेली तेही मग आठवलं, आदल्या दिवशी सकाळी मीच ती फाइल एडिटरमध्ये उघडली होती, काहीतरी बघायला, आणि त्या एडिटरमध्ये अख्खी ओळ उडवायचा एक शॉर्टकट आहे, तो चुकून दाबला गेला असणार आणि त्यावर सवयीने कंट्रोल एस. कंट्रोल एस मारायची सवय ही चांगली सवय आहे असं मी सगळ्यांना सांगत आलोय. आणि बर्न करायचं मशीन वेगळं, तिथे फक्त हेक्सची कॉपी ठेवलेली, त्यामुळे मूळ प्रोग्राम मी कितीही वेळा तपासला तरी तो बरोबरच, आणि चिपमध्ये जात होती ती कॉपी.

बाकी सगळ्यांनी आपापलं काम चोख केलं होतं, हे जास्त लागलं. प्रत्येक ओळीचा चेकसम बरोबर. शेवटची ओळ जागेवर. अ‍ॅड्रेसमध्ये भगदाड आहे, पण भगदाड असणं तर या फॉरमॅटमध्ये पूर्ण कायदेशीर, वर म्हटलं तसं, तेच तर त्याचं कौतुक. चिप आधी पुसली, सगळीकडे एफएफ झालं, मग फाइलमध्ये होतं ते लिहिलं, ०२४० बद्दल कुणी काही सांगितलं नाही म्हणून तिथे एफएफच राहिलं. व्हेरिफायने फाइल आणि चिप ताडली, जुळली, का नाही जुळणार. आणि या एलसीडीच्या आत जो एचडी४४७८० जातीचा कंट्रोलर असतो त्याच्या नेहमीच्या अक्षरांच्या तक्त्यात एफएफ नंबरला काय आहे, तर पूर्ण भरलेला काळा चौकोन. म्हणजे डिस्प्ले दोन दिवस मला जीव तोडून सांगत होता की इथे काही नाहीये रे, इथे रिकामं आहे, आणि मी त्याचा काँट्रास्ट फिरवत होतो.

नशीब म्हणायचं की ओळ मेसेजच्या टेबलातली गेली. कोडमधली गेली असती तर डिस्प्लेवर मोजायला काही दिसलंच नसतं.

या चेकसमबद्दल माझं मत तेव्हापासून थोडं बदललंय. तो आपल्या ओळीपुरती साक्ष देतो, शेजारची ओळ आहे की गेली त्याला पत्ता नाही. ओळीच्या आतही त्याला सगळं कळतं असं नाही, वरच्या उदाहरणात ४८ आणि ४९ ची अदलाबदल करा, बेरीज तीच, चेकसम खूश. धुळीचा कण पकडायला तो उत्तम आहे, माझ्यासारखा माणूस पकडायला नाही. मोटोरोलाचा जो याचा भाऊबंद आहे, एस-रेकॉर्ड, ज्याच्या ओळी कोलनऐवजी इंग्रजी एसने सुरू होतात, त्यात एस५ नावाची एक ओळ ठेवता येते आणि ती सांगते की डेटाच्या एकूण ओळी इतक्या. सक्ती नाही तिची, पण असती तर माझे दोन दिवस वाचले असते. त्यात एस० अशी सुरुवातीची ओळ पण असते, जिच्यात नाव-गाव काहीतरी लिहिता येतं. इंटेलच्या हेक्समध्ये तेही नाही. इथे कॉमेंटला जागाच नाही, आणि ही गोष्ट मला पुढे एकदा जास्तच जाणवली.

ते असं झालं की एक जुना टायमर होता, पिक१६ वर केलेला, बटण दाबलं की रिले २० सेकंद चालू राहायचा. आता तो ३५ सेकंद हवा होता. काम पाच मिनिटांचं, पण सोर्स, म्हणजे हाताने लिहिलेला मूळ प्रोग्राम, कुठे? हार्ड डिस्क कधीच गेलेली, बॅकअपमध्ये सापडली ती फक्त हेक्स फाइल. ज्या माणसाने तो प्रोग्राम लिहिला तो मीच, पण त्याला विचारून उपयोग नव्हता, त्याला काही आठवत नव्हतं.

मग म्हटलं हातानेच बघू. २० म्हणजे हेक्समध्ये १४. पिक१६ मध्ये एखादा आकडा उचलायची जी सूचना असते, मूव्हएलडब्ल्यू, ती बनते ३० आणि तो आकडा, म्हणजे ३०१४, आणि फाइलमध्ये खालचा बाइट आधी लिहिला जातो त्यामुळे शोधायचं १४३०. अजून एक भानगड, पिक१६ चा एक शब्द १४ बिटचा, तो फाइलमध्ये दोन बाइट घेतो, म्हणून फाइलमधला अ‍ॅड्रेस चिपमधल्या अ‍ॅड्रेसच्या दुप्पट असतो. चिपमध्ये ०११९ ला जे आहे ते फाइलमध्ये ०२३२ ला शोधायचं. पहिल्यांदा हे माहीत नसताना मी एक अख्खी दुपार चुकीच्या जागी खणत बसलो होतो, ती वेगळी गोष्ट.

शोधलं तर १४३० तीन ठिकाणी सापडलं. त्यातलं एक खोटं निघालं, एडिटर बिचारा अक्षरं शोधतो, त्याला बाइट कुठे सुरू होतो ते काय माहीत, तिथे खरं होतं २१, ४३, ०५, आणि याने मधली चार अक्षरं धरली होती. राहिली दोन. सोर्समध्ये त्यातल्या एकाच्या शेजारी नक्की काहीतरी नाव असणार, रिले टाइम किंवा तसलं, इथे नुसते दोन सारखे १४. पहिला बदलून बघितला, तर बटण दाबल्यावर बझर वाजायचा तो लांबला. म्हणजे दुसरा.

१४ चा २३ केला. ३५ म्हणजे दोन सोळा बत्तीस अधिक तीन. डेटा पंधराने वाढला म्हणजे चेकसम पंधराने कमी व्हायला हवा, आणि त्या ओळीचा चेकसम होता ८७, त्यातून पंधरा काढले, सोळाच्या हिशेबात, तर आला ७८. नुसते आकडे उलटे झाले. हे बघून मला उगाचच बरं वाटलं, कुणाला दाखवण्यासारखं नव्हतं ते पण बरं वाटलं. बर्न केलं, बटण दाबलं, घड्याळ धरून बसलो. पस्तीस.

मग त्या ओळीच्या शेजारी लिहून ठेवावं असं मनात आलं, की इथे हाताने बदल केलाय, आधी १४ होतं, बझरवालं ते वरचं, त्याला हात लावू नका. पण लिहिणार कुठे. कोलनच्या आधी काहीतरी खरडलं तर बरेच प्रोग्रामर ते सोडून देतात, काही मात्र अडतात, आणि कुठला अडेल ते ऐन वेळी कळणार. वहीत लिहिलं तर वही हार्ड डिस्कच्या वाटेने जाणार.

शेवटी फाइलचंच नाव बदललं. 'टायमर रिले २० चे ३५ हाताने केले दुसरा १४ बझर पहिला सोर्स नाही डॉट हेक्स'. आणि सेव्ह करायच्या आधी अ‍ॅड्रेसच्या कॉलमवरून एकदा बोट फिरवलं, वरपासून खालपर्यंत.